मालक कीं राखणदार?

‘माझें’ ह्या शब्दाइतका सोपा शब्द भाषेंत दुसरा नाहीं, आणि विचार करूं लागलें असतां त्याच्याइतका घोटाळ्याचाहि दुसरा नाहीं. माझी छत्री, माझें मूल, माझी जमीन हीं तीन पदें आपण एकाच सुरांत उच्चारतों. परंतु तिन्ही ठिकाणीं ‘माझें’पणाचा अर्थ एक नाहीं. आपली छत्री आपण मोडून टाकली तर कोणी जाब विचारणार नाहीं. मूल आपलें असलें तरी त्याचें अहित करण्याचा आपणांस अधिकार आहे, असें मात्र कोणीहि म्हणणार नाहीं. मग जमीन ह्या दोहोंपैकीं कोणासारखी? छत्रीसारखी कीं मुलासारखी? आणि त्या जमिनींतून एखादा ओढा वाहत असेल, त्या ओढ्यांत मासे असतील, कांठच्या झाडांवर पांखरांचीं घरटीं असतील, तर त्यांचें काय?

रोमन कायद्याच्या आधारें पुढील विधिज्ञांनीं मालकीचे तीन घटक सांगितले आहेत: वस्तु वापरणें, तिचें फळ घेणें, आणि तिची वाटेल तशी विल्हेवाट लावणें. पहिल्या दोहोंविषयीं फारसा वाद नाहीं. जो नांगरतो त्यानें पीक घ्यावें, हें न्यायाचेंच आहे. प्रश्न तिसऱ्याचा आहे. जी वस्तु आपण निर्माण केली नाहीं व जी एकदां गेली असतां कोणासहि पुन्हां निर्माण करतां येणार नाहीं, तिचा नाश करण्याचा हक्क केवळ खरेदीखतानें मिळतो काय? आमच्या मतें मिळत नाहीं. परंतु असें नुसतें म्हणून भागत नाहीं. मालकापाशीं तो हक्क नसेल तर त्याला अडवावें कोणी, कोणत्या अधिकारानें, आणि त्याची किंमत कोणी द्यावी, ह्या प्रश्नांचीं उत्तरें शोधावीं लागतात.

पाश्चात्य देशांत ह्या प्रश्नांस एक व्यावहारिक उत्तर देण्याचा प्रयत्न झाला आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील नद्यांत सामन नांवाचा मासा असतो. तो डोंगरांतल्या थंड ओढ्यांत जन्मतो, समुद्रांत जाऊन मोठा होतो, आणि कांहीं वर्षांनीं शेंकडों कोस प्रवाहाविरुद्ध पोहत बहुधा आपल्याच जन्माच्या ओढ्याकडे परततो. तेथें अंडीं घालतो आणि मरतो. त्याला जगवावयाचें तर नुसती मासेमारी बंद करून भागत नाहीं. ओढ्यावर झाडांची सावली हवी, तळाशीं स्वच्छ गोटे हवेत, वाट मोकळी हवी. म्हणजे माशासाठीं जमीन राखावी लागते. म्हणून त्या त्या भागांतील नागरिक एकत्र येऊन न्यास स्थापन करतात. हे न्यास नदीकांठची जमीन विकत घेतात, किंवा मालकाशीं कायमचा करार करतात. ह्या करारानें मालक जमीन कसूं शकतो, विकूं शकतो, मुलांच्या नांवें करूं शकतो. मात्र ती उद्ध्वस्त करण्याचा हक्क तो न्यासाच्या स्वाधीन करतो, आणि न्यास तो हक्क कधींच न वापरण्याचें व्रत घेतो. मालकीच्या तीन धाग्यांपैकीं तिसरा धागा उपसून काढून तो सर्वांच्या वतीनें गांठ मारून ठेवावयाचा, अशी ही युक्ति आहे.

ही कल्पना अगदींच नवी नाहीं. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथें अशा प्रकारची संस्था १८९१ सालीं निघाली. इंग्लंडांतील नॅशनल ट्रस्ट १८९५ सालचा. ह्या ट्रस्टनें १८९९ सालीं केंब्रिजजवळच्या विकन फेन ह्या दलदलीचा दोन एकरांचा एक तुकडा दहा पौंडांस विकत घेतला. व्यवहारी मनुष्य ज्या दलदलीकडे ढुंकून पाहणार नाहीं ती किडेमुंग्या व पाणवनस्पति ह्यांच्याकरितां विकत घेण्याची कल्पना त्या वेळीं पुष्कळांस वेडगळ वाटली असेल. आज तीच भूमि शास्त्रज्ञांचें तीर्थक्षेत्र झाली आहे.

आपल्या नद्यांत सामन नाहीं. पण स्वभावानें त्याचा भाऊबंद शोभेल असा महाशीर आहे. पावसाळ्यांत नद्यांस पूर आले कीं हा बळकट, मोठ्या खवल्यांचा मासा प्रवाहाविरुद्ध डोंगराकडे चढूं लागतो आणि खळाळत्या, निर्मळ पाण्यांत गोट्यांवर अंडीं घालतो. पुण्याचें ह्या माशाशीं असलेलें नातें आपणां पुणेकरांसच ठाऊक नसतें. कर्नल साइक्स ह्या मुंबई सरकारच्या अधिकाऱ्यानें दख्खनच्या माशांवरील आपला निबंध १८३९ सालीं प्रसिद्ध केला. दख्खनी महाशीराचें पहिलें शास्त्रीय वर्णन त्यांत आहे, आणि तें ज्या माशावरून केलें तो पुण्याच्या पूर्वेस कांहीं मैलांवर मुळामुठेंत मिळालेला होता. येथील लोकांच्या तोंडीं असलेलीं माशांचीं नांवें साइक्सनें शास्त्रीय नामावलींत घातलीं. त्यामुळें आज जगांतील प्राणिशास्त्रज्ञ ह्या माशास ‘टॉर खुद्री’ म्हणतात.

ज्या पात्रानें शास्त्रास हा मासा दिला त्या पात्राकडे आतां एकदां संगमाच्या पुलावरून पाहावें. खडकवासला, पानशेत, वरसगांव, टेमघर येथें अडवलेलें डोंगराचें निर्मळ पाणी आपण नळानें घरांत घेतों, आणि त्याची परतफेड शहराचा मैला नदींत सोडून करतों. अशा पाण्यांत महाशीरानें जगावें तरी कसें? आणि ह्यांतील नीतिशास्त्राच्या दृष्टीनें विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, त्याला हुसकावून लावावें असा हेतु कोणाचाच नव्हता. कोणी तहानेसाठीं धरण बांधलें, कोणी घरासाठीं वाळू उपसली, कोणी वीटभट्टीसाठीं कांठची झाडें तोडलीं, कोणी संडासाचें पाणी गटारांत सोडलें. प्रत्येकानें आपल्या हक्काचें तेवढेंच केलें. सगळ्यांचे हक्क शाबूत राहिले आणि नदी मात्र गेली. ज्या पापाला पापी सांपडत नाहीं, त्याला आपली रूढ नीति पाप म्हणतच नाहीं. तिचें हें मोठेंच न्यून आहे.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, मासा नाहींसा होत असेल तर तो हौदांत वाढवावा. विज्ञानाच्या युगांत त्यासाठीं जमिनी राखण्याचा खटाटोप कशाला? हाहि प्रयत्न आपल्याकडे झालेला आहे, आणि तो मनापासून झालेला आहे. लोणावळ्यास वळवणच्या तलावाशेजारीं टाटा कंपनीनें १९७० नंतरच्या दशकांत महाशीराच्या कृत्रिम पैदाशीचें केंद्र उभें केलें. तेथें लक्षावधि पिलें वाढलीं आणि निरनिराळ्या प्रांतांतील पाण्यांत सोडलीं गेलीं. दख्खनी महाशीर निर्वंश होण्याचें भय ओसरण्यास ह्या उद्योगाचा हातभार लागला, हें कृतज्ञतेनें मान्य केलें पाहिजे. परंतु ह्याच कथेचा उत्तरार्धहि आहे. तेथील पिलें दक्षिणेंत कावेरी नदींत सोडण्यांत आलीं. कावेरींत तिचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला प्रचंड महाशीर होता. नवे पाहुणे तेथें फोफावले आणि मूळचा रहिवासी मागें हटत गेला. त्याच्या ऱ्हासाचें हें एक प्रमुख कारण होय असें अभ्यासकांचें मत आहे. २०१८ सालीं त्या जातीची गणना जगांतील अत्यंत संकटग्रस्त जीवांत झाली.

ह्यावरून हेतूस दोष देण्याचें कारण नाहीं. पण बोध घेण्याचें आहे. मासा म्हणजे केवळ खवल्यांचें शरीर नव्हे. तो ज्या पाण्यांत, ज्या गोट्यांवर, ज्या सावलींत वाढला, तें सर्व मिळून तो मासा होतो. तेथून उचलून त्याला दुसरीकडे ठेवलें म्हणजे तो वांचतोच असें नाहीं, आणि वांचला तरी दुसऱ्याचें घर मोडूं शकतो. म्हणून जीव राखावयाचा तर जागा राखली पाहिजे. आणि जागा म्हटली कीं मालकी आली.

येथें आपल्या पूर्वजांकडे वळल्यावांचून गत्यंतर नाहीं. रायगड जिल्ह्यांत महाडच्या परिसरांत काळ नदीवर वाळण कोंड नांवाचा डोह आहे. कांठीं वरदायिनी देवीचें स्थान आहे, आणि डोहांतील महाशीर देवीचे म्हणून कोणी धरीत नाहीं. भाविक चुरमुरे टाकतात, मासे झुंडीनें वर येतात. अशाच भावनेनें सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस शेंकडों देवराया राखल्या गेल्या. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ ह्यांनीं १९७० नंतरच्या वर्षांत ह्या देवराया पायीं हिंडून अभ्यासिल्या आणि त्यांचें महत्त्व विद्वानांच्या नजरेस आणलें. त्यांच्या ह्या कामाची हकीकत कानीं आल्यावर श्रीवर्धन तालुक्यांतील गाणी ह्या गांवच्या लोकांनीं त्यांची मदत मागितली. त्यांची काळकाईची राई तोडली जाणार होती. ती कां वांचवावयाची, असें विचारतां लोकांनीं देवीचा कोप एवढेंच कारण सांगितलें नाहीं. त्या राईंतून निघणाऱ्या झऱ्यावर आमचें पाणी आहे, असें ते म्हणाले. ज्यांस आपण अडाणी म्हणतों त्यांची ही श्रद्धा डोळस होती.

ह्या व्यवस्थेची विचारसरणी नीट पाहिली तर ती न्यासाच्या कल्पनेहून फार दूर नाहीं. राई देवाची, गांव तिचें राखणदार. गांवानें झऱ्याचें पाणी प्यावें, पडलेलें फळ उचलावें. पण कुऱ्हाड लावूं नये. मूर्ति ही कायद्याच्या दृष्टीनें व्यक्ति होय, हें तत्त्व १९२५ सालीं प्रिव्ही कौन्सिलनेंहि मान्य केलें; देवाच्या मिळकतीचा मालक देव, आणि मनुष्य केवळ वहिवाटदार. आतां, बहुतेक देवराया सरकारी दप्तरांत देवाच्या नांवें नाहींत, हें खरें. पण लोकांच्या मनाच्या दप्तरांत त्या तशाच होत्या. न मरणाऱ्या मालकाच्या नांवें जमीन केली म्हणजे मरणाऱ्या माणसांपैकीं कोणासहि ती विकतां येत नाहीं, हें मर्म आपल्या पूर्वजांनीं ओळखलें होतें.

तरीहि जुन्या व्यवस्थेचे नुसते गोडवे गाणें अप्रामाणिकपणाचें होईल. तिच्यांत दोन वैगुण्यें आहेत. पहिलें हें कीं, ती भयावर उभी आहे. भय ओसरलें कीं राखण ओसरते. किंबहुना श्रद्धेचें केवळ बाह्य रूप शिल्लक राहिलें म्हणजे देवाच्याच नांवावर देवाची राई तुटते. जुनें कौलारू देऊळ पाडून सिमेंटचें बांधण्यासाठीं राईंतलीं झाडें विकलीं गेल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. दुसरें वैगुण्य अधिक सूक्ष्म आहे. श्रद्धा डोह राखते; नदी राखीत नाहीं. देहू-आळंदीस इंद्रायणींतील मासे वारकऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या पवित्र मानले. परंतु वरच्या अंगानें येणाऱ्या कारखान्यांच्या व वस्त्यांच्या सांडपाण्यानें आळंदीच्या घाटावर फेंस तरंगूं लागला, तेव्हां हें पावित्र्य त्यांचें रक्षण करूं शकलें नाहीं. डोहांतला मासा न धरणें हा धर्म झाला. डोहांत येणारें पाणी नासूं न देणें हाहि धर्मच, हें मात्र आपल्या मनांत रुजलें नाहीं.

म्हणून श्रद्धेस विधीची जोड हवी. तशी सोय आतां कांहीं अंशीं झाली आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यांत २००२ सालीं दुरुस्ती होऊन, गांवास अगर खाजगी मालकास स्वेच्छेनें आपली जमीन वन्यजीवांकरितां राखीव म्हणून जाहीर करवून घेतां येईल अशी तरतूद झाली. त्याच सालच्या जैवविविधता कायद्यानें वारसास्थळें घोषित करण्याची वाट मोकळी केली. सिंधुदुर्गांत आंबोलीस हिरण्यकेशीच्या उगमाशीं महादेवाचें देऊळ आणि कुंड आहे. तेथील पाण्यांत सांपडलेल्या एका इवल्याशा माशाचें शास्त्रीय वर्णन २०२० सालीं प्रसिद्ध झालें. त्याला हिरण्यकेशीचेंच नांव दिलें गेलें. पुढच्याच वर्षीं तेथील २.११ हेक्टर परिसर सरकारनें वारसास्थळ म्हणून घोषित केला. देवाच्या कुंडांत विज्ञानाला जें सांपडलें तें कायद्यानें राखलें, असा हा त्रिवेणी संगम आहे. खाजगी रानांच्या बाबतींत पुण्याच्याच अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ह्या संस्थेनें रत्नागिरी जिल्ह्यांत संगमेश्वरच्या बाजूस गांवकऱ्यांशीं करार केले आहेत. गांवकऱ्यांनीं ठराविक मुदतीपर्यंत रान तोडावयाचें नाहीं, आणि त्याच्या मोबदल्यांत त्यांस साह्य मिळावयाचें. सामनच्या मुलखांतील न्यासाचेंच हें सह्याद्रींतलें रूप म्हणावयाचें.

आतां आक्षेपांचा विचार करूं. सर्वांत गंभीर आक्षेप न्यायाचा आहे. ज्या देशांत लक्षावधि माणसांस गुंठाभर जमीन नाहीं तेथें माशांसाठीं व पांखरांसाठीं जमीन अडकवून ठेवणें ही श्रीमंतांची हौस नव्हे काय? विनोबांनीं १९५१ पासून गांवोगांव हिंडून भूमि मागितली ती भूमिहीनांकरितां, पांखरांकरितां नव्हे. आणि मुळशीचें उदाहरण तर पुणेकरांच्या दाराशींच आहे. तेथील मावळ्यांनीं १९२१ सालीं सेनापति बापट ह्यांच्या नेतृत्वाखालीं धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तो आपल्या भाकरीसाठीं. सार्वजनिक हिताच्या नांवाखालीं डोंगरांतल्या माणसाची जमीन जाते, हा अनुभव त्यांच्या वंशजांस नवा नाहीं. तेथें धरणासाठीं गेली, येथें माशासाठीं जावयाची, एवढाच फरक त्यांस दिसला तर दोष त्यांचा नाहीं.

हा आक्षेप आम्हांस निम्मा मान्य आहे. जो न्यास गांवकऱ्यांस बाहेर काढून कुंपण घालतो तो राखणदार नव्हे, नवा जमीनदार होय. परंतु आक्षेपाचा दुसरा निम्मा भाग टिकत नाहीं. आज मुळशी-मावळांतील डोंगर भूमिहीनांच्या हातीं जात नसून शहरांतील सधनांच्या बंगल्यांकडे जात आहेत. तेथें स्पर्धा गरिबाची व माशाची नाहीं. बंगल्याची आणि ओढ्याची आहे. आणि ओढा आटला तर पहिला हंडा कोरडा पडतो तो खालच्या वाडीचा. गाणीच्या लोकांनीं जें ओळखलें तें हेंच. तेव्हां न्याय असा दिसतो: राखण्याचा अधिकार जवळच्यांचा असावा, आणि राखण्याचा खर्च दूरच्यांनींहि उचलावा. हें तत्त्व पाळलें नाहीं म्हणजे काय होतें, तें पुण्याच्या टेकड्यांवर दिसतें. समाविष्ट गांवांतील सुमारें ९७८ हेक्टर टेकड्या जैवविविधता उद्यानाकरितां राखण्याचा निर्णय २०१५ सालीं झाला. पण जमीनमालकांस मोबदला काय द्यावयाचा, ह्या प्रश्नानें त्या निर्णयाची पाठ सोडलेली नाहीं. टेकडीची हवा सर्वांनीं खावी आणि तिचा भार एकानें वाहावा, असें म्हटलें तर मालक मनानें राखणदार कसा होईल?

दुसरा आक्षेप तात्त्विक आहे. आज जिवंत असलेल्या माणसांनीं ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ करार करून पुढल्या पिढ्यांचे हात कां बांधावे? आमचें उत्तर असें कीं, हात दोन्ही प्रकारांनीं बांधले जातात. परंतु बंधनाचे प्रकार सारखे नाहींत. राखलेल्या रानाचें काय करावयाचें हें नातवांस आपल्या बुद्धीनें ठरवितां येतें; त्यांस करार चुकीचा वाटला तर तो बदलण्याचे मार्ग ते शोधतील. पण सपाट केलेल्या डोंगरांतून झरा काढून दाखविण्याचा कायदा कोणतीहि विधिसभा करूं शकत नाहीं. ज्या कृत्यांत चूक दुरुस्त करण्यास जागा उरते तें, ज्यांत ती उरत नाहीं त्याहून अधिक सावधपणाचें, म्हणून अधिक नीतीचें.

तरीपण कागदावर फार विसंबूं नये. करार मोडतां येतो, सात-बारावरील शेरा पुसला जातो, न्यासाचे विश्वस्तहि मोहाला बळी पडूं शकतात. जुन्या राईच्या मागें निदान वर्षांतून एकदां सारा गांव गोळा होई. जत्रा भरे, आणि हद्द कोठवर हें मुलांस आपोआप कळे. कायद्यानें राखलेल्या जागांस अशी जत्रा नाहीं. राखण ही एकदां सही करून उरकण्याची गोष्ट नव्हे. ती प्रत्येक पिढीला नव्यानें शिकवावी लागते. ह्या बाबतींत न्यासांनीं देवरायांपासून शिकण्यासारखें पुष्कळ आहे, आणि देवरायांनीं न्यासांपासून हद्द डोहाच्या पलीकडे नेण्यास शिकावयाचें आहे.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं मुळशी, मावळ, भोर ह्या भागांत एखादा जमिनीचा तुकडा घेऊन ठेवला असेल, किंवा घेण्याच्या विचारांत असतील. त्यांत गैर कांहीं नाहीं. निवृत्तीनंतर डोंगरांत चार दिवस राहावें असें कोणास वाटत नाहीं? परंतु त्या तुकड्यांतून पावसाळी ओढा जात असेल तर खरेदीखतांतील चतुःसीमांबरोबर त्याचाहि विचार व्हावा. ओढा बुजवूं नये, कांठचीं झाडें ठेवावीं, मैलापाणी त्यांत सोडूं नये, आणि ही अट शेजाऱ्यांसह लेखी करून मुलांच्या माथींहि घालावी. असे दहा तुकडे एका ओढ्यावर एकत्र आले आणि खालच्या वाडीचीं माणसें त्यांच्या सल्ल्यास बसलीं, तर न्यास तेथेंच जन्मास आला असें समजावें. आणि ज्यांची कोठेंहि जमीन नाहीं त्यांच्या घरीं नळ तर आहेच. त्या नळाचें पाणी जेथून येतें त्या डोंगराच्या राखणीचा वांटा आपल्या पाणीपट्टींत असावा, अशी मागणी पुणेकरांनीं स्वतः होऊन करावी. आपल्या कराच्या वाढीची मागणी नागरिकांनींच करणें विचित्र दिसेल खरें. पण दीडशें वर्षें आपण जें पाणी घेत आलों त्याची किंमत अजून डोंगराला पोंचलेली नाहीं.